रिसेटचं बटण

जुंबेरने संगणक आणला ढकलगाडीवर घालून,
बटाट्याच्या पोत्याला टेकवून, वर बायकोची जुनी शाल.
"मेला," म्हणाला दारातच, टोपी हातात घेऊन.
मी म्हटलं, लामाराच्या दुकानात मयत घेत नाहीत,
आत ये, पाय पूस.

चियातुरात पाय पुसून काही होत नाही, दोघांनाही ठाऊक.
खाणीची काळी भुकटी आमच्या चहातसुद्धा असते.

बावीस वर्षं मी रोपवेच्या मोटारघरात काढली.
पाळणा दरीवर मधोमध अडायचा,
आतली माणसं रडकुंडीला यायची,
आणि म्हातारा कार्लो मेकॅनिक सिगारेट न काढता म्हणायचा:
आधी वीज येते का बघ, मग देवाचं नाव घे.

तेच करते अजून.
भिंतीतला प्लग ठीक. केबल बदलली, तीच गत.
मागचा खटका, शून्य आणि एकचा: एकवरच होता.
(अर्धी गिऱ्हाइकं या खटक्यापाशीच बरी होतात.
त्यांचे पैसे घेत नाही, नुसती बघते त्यांच्याकडे.)

पत्रा उघडला.
भुकटीच्या थराखाली, बोर्डाच्या कोपऱ्यात
एक हिरवा ठिपका जळत होता.
म्हणजे वीज उंबऱ्यापर्यंत आलेली,
आत ये म्हणणारं कुणी नव्हतं.

तरी रीत सोडली नाही.
पॉवर सप्लाय सुटा केला, हिरव्या तारेला काळी तार
कागदाच्या टाचणीने जोडली: पंखा गरगरला.
रॅमच्या पट्ट्या शाळेच्या खोडरबराने घासल्या,
बटणासारखा सेल मीटरवर धरला, त्यात जीव होता.
तासभर असा एकेकाला निर्दोष सोडत गेले.

जुंबेर स्टुलावर, गप्प.
हेच मला खटकलं.
बिघाड घेऊन आलेला माणूस बोलतो:
कालपर्यंत चांगला होता, मी हातसुद्धा लावला नाही.
हा टोपीची शिवण मोजत बसलेला.

शेवटी पुढच्या बटणाची तार उपटली,
उघड्या पडलेल्या दोन पिनांवर
स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, नुसतं टेकवलं,
आणि भुकटीचा लोट उडाला दोघांच्या तोंडावर,
एक बीप,
पडद्यावर कुठल्याशा द्राक्षमळ्याचं चित्र.

मेलं होतं ते बटण.
खोबणीत रुतलेलं, मागचं प्लास्टिक दुभंगून.
बोटाने असं होत नाही. मुठीने होतं.

मी विचारलं नाही. तोच म्हणाला,
"खातुना बारीला असते, इटलीत, एका म्हातारीचं करते.
मी म्हटलं, परत ये. ती म्हणाली, कशावर?
पुढचं मी ऐकलं नाही."
जरा थांबून: "एकोणीस दिवस झाले."

फोन आहे ना तुझ्याकडे?
"आहे. पण रविवारी ती इथंच येते."
इथं म्हणजे कुठं, ते त्याने हनुवटीने दाखवलं.

नवं बटण कुतायसीहून यायला आठवडा लागतो.
आणि आज होता शनिवार.
म्हणून रिसेटच्या बटणाची तार काढली,
तीच बसवली त्या दोन पिनांवर.
हे दाबत जा आता, म्हटलं. मसुराएवढं आहे,
नखानेच दाबावं लागतं.

त्याने तीनदा बंद करून तीनदा चालू केलं.
मग लहान मुलासारखं विचारलं,
"आणि मधेच अडला तर?
परत पहिल्यापासून सुरू करायचं ते बटण?"

ते आता नाही, म्हटलं.
ते खर्ची पडलं.

पैसे पंधरा लारी झाले. त्याने दहा दिले
आणि आंबट आलुबुखाराच्या चटणीची बाटली, न विचारता.
शाल चार पदरी करून संगणकाखाली घातली,
बटाटे माझ्याच दारात उतरवले,
आणि चढणीला लागला, एका हाताने गाडी ढकलत,
दुसरा त्या डब्याच्या अंगावर,
दगडागणिक थांबत.